अकरा रोपांची जागा

साहेबांनी मला वार्षिक अहवालासाठी तुलना-तक्ता करायला सांगितला: एका बाजूला बीव्हर, दुसऱ्या बाजूला डोंगरातलं दुर्मीळ ऑर्किड. अशी तुलना कुणाच्या डोक्यातून निघाली, देव जाणे. मी जंगल खात्यात नोंदी उतरवतो. मत देणं माझं काम नाही. बीव्हर म्हणजे चपट्या शेपटीचा कुरतडणारा प्राणी. झाडं पाडून ओढ्यावर धरण बांधतो, पाणी वाहताना ऐकलं की त्याला चैन पडत नाही. ऑर्किड काहीच करत नाही. वर्षानुवर्षं जमिनीत गप्प बसतं, मग नखाएवढं फूल देतं, तेही मनात आलं तर. आमच्या डोंगरात त्याची अकराच रोपं उरली होती.

बीव्हर भाऊंकडे, ऑर्किड ताईंकडे. दोघं सख्खी भावंडं, टेबलं समोरासमोर. भाऊंच्या तोंडाचा पट्टा दिवसभर चालू, ताईंच्या तोंडाला कुलूप.

मी 'सद्यःस्थिती'च्या रकान्यापाशी आलो तेव्हा भाऊ म्हणाले, "लिहा, झकास! उन्हाळ्याआधी सोडलेल्या जोडीनं वरच्या ओढ्यावर धरण बांधलंय. पिल्लंही झालीत."

"वरच्या ओढ्यावर?" ताईंनी विचारलं.

"मग कुठे? तुझी रोपं खालच्या उतारावर. सोडण्याआधी तीनदा नकाशा पाहिला मी."

ताईंचा चेहरा पांढराफटक पडला. "नकाशा खोटा आहे," त्या म्हणाल्या.

फूलचोर कुठून ना कुठून नकाशे मिळवतात, म्हणून ताई वीस वर्षं त्या जागेची नोंद मुद्दाम चुकवत आल्या होत्या. रोपं वरच्या ओढ्याच्या काठीच होती, म्हणजे आता धरणामागे तुंबलेल्या तळ्यात. काढून दुसरीकडे लावावीत, तर त्यांची मुळं तिथल्याच मातीतल्या बुरशीवर जगतात. हलवली की मेली. आणि ती खोटी नोंद वीस वर्षं मी सुवाच्य अक्षरात उतरवत होतो. मला राग आला, सरळ सांगतो.

"अगं, मला तरी सांगायचंस!" भाऊ ओरडले.

"सांगितलं असतं तर तू बघायला गेला असतास. दहादा गेला असतास. पायवाट पडली असती."

भाऊ खरंच गेले असते.

धरण फोडलं तर पिल्लं उघड्यावर पडणार. म्हणून भाऊंनी एक लांब पाइप धरणातून आरपार घातला, दोन्ही तोंडं पाण्याखाली ठेवून. आवाज नाही, म्हणजे बीव्हर तो बुजवायला येत नाही. तीन दिवसांत तळं हातभर उतरलं. आठ रोपं कुजली होती, तीन उभी होती.

ताई तिथेच चिखलात बसून रडल्या. भाऊ लांबच उभे राहिले. जवळ जायचं तर वाटेत एक रोप होतं.

वर्षअखेरीस नवा नकाशा साहेबांकडे जायचा होता. ताईंनी त्यासाठीच्या नोंदवहीत जागेच्या रकान्यावर पेन टेकवलं आणि तसंच धरून ठेवलं. खरी जागा लिहावी तर चोर, खोटी लिहावी तर पुन्हा तेच. शेवटी भाऊंनी वही आपल्याकडे ओढली आणि स्वतःच्या हातानं लिहिलं: खालचा उतार.

"आता निदान दोघांना माहीत आहे," ते म्हणाले.

वही माझ्याकडे आली. दोघंही माझ्याकडे बघत होती. मी ती नोंद सुवाच्य अक्षरात उतरवली.