उघड्यावरचे शेरे

कुरुतच्या गोळीवर अंगठ्याचा ठसा होता. दही ओलं असताना उमटलेला, आता गोळीबरोबर दगडासारखा वाळलेला... बेगायिमनं त्यात आपला अंगठा ठेवून पाहिला, तर तो आत हरवला. रुंद ठसा. खडू धरून रुंद झालेला अंगठा, तोक्तोसून आगायचा, तिच्या मास्तरांचा. शाळेत तिला गणित शिकवलेल्या आगायनी तलासहून येणाऱ्या गाडीबरोबर कुरुतची पिशवी धाडली होती, आणि संगणकाच्या पडद्यावर त्यांचीच ओळ होती : ‘तुमचा वेळ घेतला, क्षमा असावी.’ खाली दुरुस्ती मागे घेतल्याची खूण.

स्वतःच मागे घेतली.

पाटाचं पाणी गावागावांत वाटून देणारा तो प्रोग्राम बेगायिमनंच सुरू केलेला, सगळ्यांसाठी खुला. कुणीही दुरुस्ती पाठवावी आणि बरंवाईट जे बोलायचं ते जगासमोर, लेखी—खाजगीत काही मिटवायचं नाही, हा नियमही तिचाच. निवृत्त झाल्यावर कोड शिकलेल्या आगायनी मातीच्या पाटात मुरणारं पाणी हिशेबात धरायची दुरुस्ती पाठवली. कल्पना खरी, कोड गबाळा. आणि तिनं ओळीओळीखाली शेरे मारले. ‘हे चालणार नाही.’ ‘हे कशासाठी?’ ‘आधी नियम वाचा, मग पाठवा.’ प्रत्येकाखाली आगाय लिहीत गेले : ‘बरोबर आहे.’ ‘बरोबर आहे.’... आणि जन्मात पाट न पाहिलेल्या कुठल्या कुठल्या देशांतल्या लोकांनी तिच्या शेऱ्यांना शाबासकीचे अंगठे दिले.

तिच्याबरोबर प्रकल्प सांभाळणाऱ्या एमिलचा सकाळीच फोन येऊन गेला होता.

“कोड नापास झालाय, माणूस नाही. एवढं काय त्यात?”

“तुझ्या बापाला लिहिलं असतंस असं?”

“माझा बाप टॅक्सी चालवतो. तो कशाला कोड पाठवतोय?”

“म्हणून तुला सोपं जातंय.”

नियम सगळ्यांना सारखा. थुत्. गेल्या वर्षी परदेशातल्या एका बड्या माणसानं याहून गबाळा कोड पाठवला, तेव्हा ‘सुंदर सुरुवात’ लिहिणारी कोण होती? कुणाला दाखवत होते मी, की बघा, मी माझ्या मास्तरांनाही सोडत नाही? अंगठे मोजत बसले होते मी... आणि शाळेतला तो फळा. समीकरण तिसऱ्याच ओळीत चुकलेलं, तिच्या हातात खडू, मागे वर्गाची खसखस—आणि आगाय एकदम खिडकीबाहेर बघू लागलेले, जणू तिथं काही घडतंय. “बस खाली. मधल्या सुट्टीत ये जरा.” सुट्टीत त्यांनी नुसता खडू पुढे केला. ती कुठे चुकली ते वर्गाला कधीच कळलं नाही.

शेरे पुसता येतात. पण ते लिहिल्याक्षणी सगळ्यांच्या टपालात जाऊन पडलेले असतात.

तिनं तलासला फोन लावला. आगायच्या बायकोनं उचलला.

“आपा, आगाय आहेत?”

“आहेत की. जर्दाळूला आळं करतायत. बोलावू?”

“नको... रागावलेत का?”

“म्हातारा? शेजाऱ्याला बोलावून दाखवत होता, बघ, माझ्या विद्यार्थिनीनं एक ओळ सोडली नाही म्हणून. शेजारी हसला. मग म्हाताऱ्यानं चहा तसाच टाकला.”

“आणि कुरुतची पिशवी?”

“ती त्यानंतरच भरली. म्हणाला, पोरगी बसून काम करते, चघळायला काही लागतं.”

फोन ठेवल्यावर तिनं पडद्यावर त्यांच्या ओळीखालच्या चौकटीत ‘आगाय,’ एवढं लिहिलं. पुढे सुचेना. इथं माफी मागायची म्हणजे त्यांना पुन्हा फळ्यासमोर उभं करायचं, आणि अंगठे पुन्हा येतील, या वेळी तिच्या मोठ्या मनासाठी. फोनवर मागायची, तर जगाला दिसलेलं जगाला दिसतच राहणार... आपण केलेल्या त्या लख्ख वर्गाला नजर वळवायला एकही खिडकी ठेवली नाही, असं तिला वाटलं.

तिनं गोळी तोंडात टाकली. ठशाचा खळगा जिभेला लागला. तो विरघळू नये म्हणून ती जीभ न हलवता तशीच बसून राहिली.