मिटलेली छत्री

ओढ्यावरचा साकव जिल्हा परिषदेचा होता तोवर बौद्धवाडीला निदान शिव्या घालायला कुणीतरी होतं. मग वरून आदेश आला, साकव यापुढे ग्रामपंचायतीने सांभाळायचा. अधिकार आला, पैसा काही मागोमाग आला नाही. घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं! ते घोडं नेमकं राजश्रीच्या दारात बांधलं गेलं, कारण त्याच वर्षी ती सरपंच झाली होती. तिची लेक शमिका रोज तोच साकव ओलांडून पलीकडच्या शाळेत जायची.

साकवाचे खांब पार झिजले होते. राजश्रीने तालुक्याला खेटे घातले. साहेब गोड हसून म्हणाले, "आता तुमचंच राज्य आहे, बाई. तुम्हीच बघा."

शेवटी ग्रामसेवक महेंद्र भाऊसाहेबांनी तोडगा काढला. "मॅडम, फलक लावून टाकू. उद्या काही झालं तर आपल्यावर येत नाही."

फलक लागला : साकव धोकादायक, आपल्या जबाबदारीवर वापरावा. फलकाने खांब मजबूत होत नाहीत हे राजश्रीला कळत होतं, तरी तिला हलकं वाटलं.

वाडीची रीत मात्र जुनीच राहिली. पऱ्याला पाणी चढलं की कुणीतरी आई अलीकडच्या फळ्यांवर पाय आपटून बघायची आणि भर पावसात आपली छत्री मिटायची. पाण्याच्या आवाजात हाक पोचत नाही. छत्री मिटली की पोरांनी यायचं.

त्या दुपारी शाळा लवकर सुटली, गुरुजी एसटी धरून गेले आणि मग पाणी अवचित चढलं. वळशाचा रस्ता बुडाला, शाळेकडे परतायची वाटही बुडाली. पोरं उभी होती ती पलीकडची खलाटी, ओढ्याकाठची सखल शेतं, तीही भरत चालली. अलीकडे बाया जमल्या, पण एकीचीही छत्री मिटेना. त्या फलकाकडे बघत होत्या, मग राजश्रीकडे.

तिने तालुक्याला फोन लावला. "स्थानिक पातळीवर निर्णय घ्या," तिकडून उत्तर आलं. भाऊसाहेबांचा फोन बंद होता.

तिची चुलत सासू आनंदीबाई म्हणाली, "दरसाल आमी छत्री मिटत आलाव. पन बोर्ड तू लावलायस, सरपंच तू हायस. आता तूच काय ता बोल."

राजश्रीला भयंकर राग आला, साहेबाचा, सासूचा आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा. तिने फळ्यांवर चढून पाय आपटला. साकव हलला. दरसाल हलायचा तसाच, की जरा जास्त? तिला सांगता येईना. पलीकडे पाणी पोरांच्या पोटऱ्यांना लागलं होतं. सगळ्यांच्या पुढे शमिका होती, आईच्या छत्रीवर डोळे लावून.

राजश्रीने छत्री मिटली.

शमिका निघाली. ती मध्यावर आली तेव्हा राजश्रीच्या पायाखाली काहीतरी करकरलं, आणि तिने मागे वळून पाहिलं. बाया एकेक पाऊल सरत फलकाच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या होत्या. साकवावर आता दोघीच होत्या, ती आणि तिची पोर.