शेवाळाचा दोष आणि फरशीवरचे डाग

ताईच्या घरामागच्या हिरवळीभोवती त्या सकाळी ही गर्दी! आदल्या दिवशी हिरवळबाबांनी मंत्रलेलं पाणी शिंपडलं होतं आणि आज गवतातलं सगळं शेवाळ काळंठिक्कर पडलं होतं. गवत मात्र शाबूत. शेजारपाजारच्या बायका, कोपऱ्यावरचा न्हावी, पोस्टमन, सगळे माना उंचावून बघत होते.

"जळाला! दोष जळाला!" हिरव्या झग्यातले बाबा गरजले. हातात काचेची बरणी. "गवत सज्जन, त्याला धक्का नाही. शेवाळ दुर्जन, त्याची राख! माझं पाणी माणूस ओळखतं, गवताची काय कथा?"

लोकांचे हात जोडले गेले. मी ताईचा धाकटा भाऊ. शाळेच्या प्रयोगशाळेत पस्तीस वर्षं बाटल्या पुसल्या, त्यामुळे असलं काही पाहिलं की माझ्या डोक्यात किडा वळवळतो. पण ताईसमोर तोंड उघडायची माझी लहानपणापासून टाप नाही. मी गप्प बसलो. त्याची लाज मला आजही वाटते, म्हणूनच हे लिहितो आहे.

बाबांचं अजून संपलं नव्हतं. "दोष जळाला, पण त्याचं मूळ घरातच आहे. कुठे, ते मी सांगणार नाही. दोष स्वतः चालत जाऊन दाखवील!" एवढं बोलून ते बरणी हलवत, डोळे मिटून मागच्या फरशीवर एक फेरी मारून आले आणि निघून गेले.

तिसऱ्या दिवशी फरशीवर तांबूस डाग उमटले. हिरवळीच्या कडेपासून, पावलापावलाच्या अंतरावर, थेट नव्या जिन्याच्या पहिल्या पायरीपर्यंत. तो जिना वरच्या एकाच खोलीत जातो. तिथे माझा भाचा आणि त्याची बायको राहतात. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, आणि हिरवळीत शेवाळ धरलं तेही त्यानंतरच. ताईनं डाग घासून घासून पाहिले, निघेनात.

संध्याकाळी तिनं सुनेला समोर बसवलं. "रविवारी बाबा येऊन गेले की हिरवळ स्वच्छ होईपर्यंत तू माहेरी जाऊन राहा."

"आणि झालीच नाही तर?" सुनेनं विचारलं.

भाचा मोबाइलमध्ये डोकं घालून बसला. भाऊजी खाकरले आणि हिरवळीला पाणी घालायला उठून गेले. मी नखं बघत राहिलो. एका भोंदूच्या शब्दावर घरातली मुलगी बाहेर काढली जात होती आणि आम्ही तीन पुरुष हूं की चूं करत नव्हतो.

रविवारी बाबा निकाल द्यायला आले. गर्दी दुप्पट. सून जिना उतरून आली ती हातात ट्रे घेऊनच. ट्रेमध्ये बिनदुधाच्या चहाचे तीन कप होते. लग्नाआधी ती कापड रंगवायच्या कारखान्यात कामाला होती, हे आम्ही सगळेच विसरून गेलो होतो.

एक कप तिनं पुढे केला. "दोष माझ्यात आहे ना बाबा? मग तुमचं पाणी घाला यात."

"घाला, घाला!" गर्दी ओरडली. बाबांनी ऐटीत बरणी कलती केली. चहा बघता बघता शाईसारखा काळा झाला.

"पाहिलंत?" बाबा टुणकन उडाले. "हिचा हात लागला आणि चहासुद्धा काळवंडला!"

"मामा, आता हा तुम्ही धरा. आई, हा तुम्ही." बाबा नको नको म्हणेपर्यंत तिनं बरणी काढून घेतली होती. माझा चहा काळा झाला. ताईचाही झाला.

"म्हणजे दोष आपल्या सगळ्यांत," सून शांतपणे म्हणाली. "हे हिराकसाचं पाणी आहे. लोखंडाचा क्षार. चहाच्या तुरटपणाशी मिळालं की काळं होतं. कारखान्यात काळा रंग आम्ही असाच आणायचो. शेवाळ यानं मरतं, बेताचं घातलं तर गवत तगतं. फरशीवर थेंब पडले तर आधी दिसत नाहीत, मग गंजाचे डाग उमटतात. जिन्यापर्यंत दोष चालत गेला नव्हता. बाबा चालत गेले होते."

हिराकसाची बाटली मी पस्तीस वर्षं पुसली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाबांना तेवढ्यात मौनाची वेळ आठवली आणि ते गर्दीतून वाट काढत पसार झाले.

"पण मग शेवाळ तू आल्यावरच कसं आलं?" ताईनं हेका सोडला नाही.

"आलं खरं माझ्याबरोबरच. आमच्यासाठी वरची खोली बांधलीत. तिची सावली दिवसभर हिरवळीवर. तिच्या गच्चीचं पाणी पाइपातून तिथेच पडतं. बांधकामाच्या विटा चार महिने तिथे रचलेल्या, माती दगड झाली. त्यात पप्पा गवत पार मुळाशी कापतात आणि रोज संध्याकाळी पाणी घालतात. शेवाळाला आणखी काय हवं?"

"मग करायचं काय?" भाऊजींनी पडेल आवाजात विचारलं.

"मेलेलं शेवाळ दाताळ्यानं ओढून काढा. मातीला भोकं पाडा, हवा जाऊ दे. पाइप दुसरीकडे वळवा. कडेच्या झाडाच्या फांद्या छाटा, गवत जरा उंच ठेवा. पाणी सकाळी, तेही माती सुकली तरच. नाहीतर महिन्याभरात शेवाळ पुन्हा हजर."

एवढं सांगून ती वर गेली आणि बॅग घेऊन खाली आली.

"अगं, आता कशाला?" ताई कावरीबावरी झाली. "सगळं कळलं ना आता!"

"हिराकस माझ्या ओळखीचा निघाला, म्हणून मी सुटले, आई. नसता निघाला तर?"

भाचा बॅग घ्यायला पुढे झाला. तिनं दिली नाही.

या गोष्टीला सात महिने झाले. हिरवळ छान झाली आहे, तिनं सांगितलं तसंच सगळं केलं. ती मात्र परत आलेली नाही. भाचा दर रविवारी जातो आणि तिच्या दारातूनच परत येतो. तुम्हाला माझं एवढंच सांगणं आहे: चमत्कार दिसला की तो कशानं झाला ते विचारा. आणि ज्याच्यावर ठपका येतोय ते माणूस अजून घरात आहे, तोवर विचारा. मला शंका पहिल्याच दिवशी आली होती.