समितीपुरतं गणित

इतिहासाचा तास चालू असताना उपप्राचार्य बलभीम सर वर्गात शिरले आणि म्हणाले, "बारावी सायन्सला गणित घेतलेल्या पोरी कोण कोण आहेत? उभ्या राहा."

संघप्रिया उभी राहिली. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाच्या त्या वर्गात अशी ती एकटीच होती. बाजारात कोथिंबिरीची जुडी निवडावी तसं सरांनी तिच्याकडं पाहिलं. "बरं झालं. उद्या तपासणीला विद्यापीठाची समिती येणार आहे. तू गणिताच्या वर्गात बसायचं. युनिफॉर्मला इस्त्री करून ये."

"कुठल्या गणिताच्या वर्गात, सर?"

"आपल्या," सर म्हणाले आणि पुढच्या वर्गाकडं निघून गेले.

फाट्यावरच्या त्या मुलींच्या कॉलेजात गणिताचा वर्ग नाही, हे संघप्रियाइतकं चांगलं कुणाला माहीत असणार? दोन वर्षांपूर्वी भर जूनच्या उकाड्यात ती वडिलांबरोबर प्रवेशाच्या टेबलापुढं उभी होती. बी.एस्सी. करायची, गणित घ्यायचं आणि हायस्कूलवर गणिताची बाई व्हायचं, एवढं साधं तिच्या मनात होतं. टेबलामागं हेच बलभीम सर होते. ते हसून म्हणाले होते, "गणित? अगं, गणिताला पोरी येतच नाहीत. या साली विचारणारी तू एकटी. एकटीसाठी मी वर्ग उघडू का? शिकवायलाही कुणी मिळत नाही." वडील, राजपाल, वीज मंडळात हेल्पर होते. खांबावर चढायला न भिणारा तो माणूस त्या टेबलापुढं मात्र हात बांधून उभा होता. सरांनी त्यांच्याकडं वळून समजुतीच्या सुरात पुढचं सांगितलं, "बी.ए.ला घाला. स्कॉलरशिप कुठल्याबी विषयाला तेवढीच मिळती. मग पोरीचं डोकं कशाला शिणवायचं?"

हे वाक्य संघप्रिया विसरली नव्हती. जणू ती शिकायला नव्हे, स्कॉलरशिप उचलायलाच आली होती. बारावीला जीवशास्त्र नसल्यानं बी.एस्सी.चे दुसरे विषय तिला घेता येत नव्हते आणि धाराशिवला ठेवून शिकवायची घरची ऐपत नव्हती. उरलं बी.ए. दोन वर्षं ती घराण्यांच्या वंशावळी पाठ करत होती आणि आतल्या आत चरफडत होती.

संध्याकाळी घरी तिनं सगळं सांगितलं. राजपाल म्हणाले, "बस की घंटाभर. काय सांगतेत ते म्हण. अंतर्गत मार्क त्यांच्याच हातात हायेत."

तिची आई, चांगुणा, भाकरी थापत होती. तिनं हातातला गोळा परातीत टाकला. "मागितलं तवा न्हाय म्हणाले, आन् आता आमच्याच पोरीला सोंग घ्यायला लावतेत. लई भारी हाय की त्यांचं."

"मग काय भांडू म्हणतीस?"

"म्या काय बी म्हणत न्हाय," चांगुणा म्हणाली आणि उरलेल्या सगळ्या भाकरी तिनं जरा जास्तच जोरात थापल्या.

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या मागच्या इमारतीतली कोपऱ्याची खोली ओळखू येत नव्हती. एरवी तिथं एन.एस.एस.ची घमेली, फावडी आणि मोडके बाक पडलेले असत. आता ती झाडून, पुसून, चुना मारून तयार होती. चुन्याचा वाससुद्धा अजून गेला नव्हता. दारावर 'गणित विभाग' अशी पाटी होती. भिंतीवर नवंकोरं फ्लेक्स होतं आणि त्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'उपलब्ध अभ्यासक्रम'. खाली कॅल्क्युलस होतं, रेषीय बीजगणित होतं, संख्याशास्त्र होतं, स्पर्धा परीक्षांसाठी अंकगणितसुद्धा होतं. संघप्रियानं ते वाचलं आणि तिच्या कानशिलांत रक्त चढलं. उपलब्ध म्हणे. कुणाला उपलब्ध होतं हे? फावड्यांना?

विभाग कागदावर जिवंत ठेवला की मान्यता टिकते आणि शिकवणारा नेमला की त्याला पगार द्यावा लागतो. संस्थेनं त्यातलं जे फुकट होतं ते ठेवलं होतं.

बलभीम सर पोरींना बाकांवर बसवत होते. कुणी बी.ए.ची, कुणी बी.कॉम.ची, कुणी गृहविज्ञानाची. "विचारलं तर सगळ्यांनी एकच सांगायचं. मला लहानपणापासून गणिताची आवड आहे आणि इथं गणिताची उत्तम सोय आहे. पाठ झालं का?" पोरींनी माना हलवल्या.

संघप्रियाशेजारी तामलवाडीची वैष्णवी बसली होती. ती बी.कॉम.च्या दुसऱ्याच वर्षाला होती. दोघी एकमेकींना तोंडओळखीनं ओळखत, बोलणं कधी झालं नव्हतं. सर दाराकडं गेले तशी वैष्णवी हळूच म्हणाली, "गंमत बघ. मी खरंच मागितलं होतं गणित."

संघप्रियानं मान वळवली. "मग?"

"सर म्हणाले, विचारणारी तू एकटीच हायस."

संघप्रिया तिच्याकडं बघतच राहिली. मग तिनं सबंध वर्गावरून नजर फिरवली. या पोरी बारावीला गणित घेऊन पास झालेल्या, फळ्याकडं भांबावून बघणार नाहीत अशा, मुद्दाम वेचून आणलेल्या होत्या. यातल्या आणखी कितीजणी त्या टेबलापुढं एकट्याच ठरल्या असतील?

तेवढ्यात शिकवणारे आले. उत्कर्ष सर. चार वर्षांपूर्वी ते इथंच तासिकेवर शिकवत. मग "विद्यार्थीच नाहीत" असं सांगून त्यांना घरी बसवलं होतं. आता येडशीला शिकवण्या घेत. पुढच्या वर्षी बघू, अशा आशेवर बलभीम सरांनी त्यांना एका दिवसापुरतं बोलावून घेतलं होतं. म्हणजे पोरींना सांगायचं शिकवणारा नाही आणि शिकवणाऱ्याला सांगायचं पोरी नाहीत. याला कारभार म्हणत होते.

उत्कर्ष सर पहिल्यांदा कुणाकडं बघेनात. समिती येईपर्यंत काहीतरी लिहीत राहायचं म्हणून त्यांनी फळ्यावर बेरीज मांडली. एक, अधिक एक द्वितीयांश, अधिक एक तृतीयांश, अधिक एक चतुर्थांश, आणि पुढं तशीच. मग त्यांना राहवलं नसावं. ते वळले आणि त्यांनी विचारलं, "प्रत्येक तुकडा आधीच्यापेक्षा लहान. मग ही बेरीज कुठंतरी जाऊन अडेल का?"

"अडेल," चारपाच जणी म्हणाल्या.

"बघू या. एक तृतीयांश आणि एक चतुर्थांश. पाव अधिक पाव म्हणजे अर्धा. तृतीयांश तर पावापेक्षा मोठा. मग या दोघांची बेरीज?"

"अर्ध्यापेक्षा जास्त."

"आता पुढचे चार घ्या. त्यातला सगळ्यात लहान एक अष्टमांश. तसले चार म्हणजेसुद्धा अर्धा." सरांनी त्या चार तुकड्यांभोवती रेघ ओढली. त्यांचा आवाज बदलला होता. संघप्रियाला पुढचं सांगावं लागलं नाही. त्यापुढचे आठ घेतले की पुन्हा अर्ध्याहून जास्त, त्यापुढचे सोळा घेतले की पुन्हा. तुकडे कितीही बारीक झाले तरी पुरेसे एकत्र घेतले की अर्धा भरतोच. ही बेरीज अडणारच नाही. तिला मोठा आनंद झाला आणि पाठोपाठ तेवढाच संताप आला. हे तिचं होतं. हे तिच्यापासून दोन वर्षं या खोलीत, घमेल्यांखाली दडवून ठेवलं होतं.

आणि नेमकी तेव्हा समिती आली. पुढं अध्यक्ष, त्यांच्यामागं एक मॅडम, त्यांच्यामागं हात चोळत बलभीम सर. अध्यक्षांनी फ्लेक्स वाचलं, मान डोलावली. मॅडमनी पहिल्या बाकावरच्या संघप्रियाला विचारलं, "बाळ, तू गणितच का घेतलंस?"

संघप्रिया उभी राहिली. "मला लहानपणापासून गणिताची आवड आहे," ती म्हणाली. बलभीम सर हसले. या वाक्याचा पहिला अर्धा भाग खरा होता, हीच तर सगळ्यात मोठी थट्टा होती. दुसरा अर्धा अजून म्हणायचा होता. मार्क आठवले, वडिलांचे बांधलेले हात आठवले. ते हात आठवले आणि तिचं ठरलं.

"पण मी गणित घेतलेलं नाही, मॅडम. मी मागितलं होतं. मी बी.ए.ला आहे. आमच्यातली एकही गणिताची नाही. हा वर्ग आजच्यापुरता आहे."

"घाबरली पोरगी," बलभीम सर घाईनं म्हणाले. "खेड्यातली मुलं, बाहेरचं माणूस बघितलं की गोंधळतात."

"मी गोंधळले न्हाय, सर." संघप्रिया बाकांकडं वळली. "तुमच्यातल्या कुणीकुणी प्रवेशाच्या वेळी गणित मागितलं होतं? हात वर करा."

वैष्णवीचा हात आधी वर गेला. मग गृहविज्ञानाच्या बाकावरून एक, मागून दोन, खिडकीकडून आणखी. कुणी लगेच, कुणी सरांकडं चोरून बघत. अर्ध्याहून जास्त वर्गाचे हात वर होते आणि हात वर केलेल्या पोरी एकमेकींकडं थक्क होऊन बघत होत्या.

"आम्हा प्रत्येकीला सांगितलं होतं, तू एकटीच हायस म्हणून," वैष्णवी म्हणाली.

मॅडम काहीतरी बोलणार होत्या. पण अध्यक्षांनी घड्याळ बघितलं. "ठीक आहे, ठीक आहे. हा विद्यार्थ्यांचा अंतर्गत प्रश्न दिसतो. नोंद घेऊ," ते म्हणाले. नोंद घ्यायला त्यांच्या हातात पेनसुद्धा नव्हतं. पलीकडं मंडपात पुरणपोळीचं जेवण वाढायला घेतलं होतं, त्याचा वास इथपर्यंत येत होता. समिती त्या वासाच्या दिशेनं चालू लागली. मॅडमनी दारातून एकदा मागं वळून पाहिलं आणि त्याही गेल्या.

उत्कर्ष सरांनी खडू खाली ठेवला. चारपाच मिनिटांनी बलभीम सर परत आले. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. मागं शिपाई शिडी घेऊन फ्लेक्स काढायला उभा होता.

"नाव काय तुझं?" त्यांनी विचारलं.

"संघप्रिया राजपाल. दोन वर्षांमागं टेबलावर सांगितलं होतं मी तुम्हाला."

"तुझं बघतो नंतर. चला, उठा सगळ्याजणी. वर्ग संपला. आपापल्या तासाला जा."

कुणीही उठलं नाही. बाकांवर चुळबुळ झाली, एकीनं दप्तर उचललं, शेजारणीकडं पाहिलं आणि परत खाली ठेवलं.

"ऐकू येत नाही का?"

"येतंय, सर," संघप्रिया म्हणाली. ती बाकावर बसली आणि बसूनच बोलली. "तुम्हीच म्हणत होता ना, गणिताला पोरी येत नाहीत. बघा, आल्यात. पुन्हा पहिल्या वर्षापासून बसावं लागलं तरी बसू. आता आम्हाला उठवायचं असलं, तर गणिताच्या वर्गातनं पोरी तुम्ही हाकलल्या असं म्हणावं लागंल."

बलभीम सर दारात उभे होते. शिपायानं शिडी भिंतीला टेकवली आणि तो वर काही चढला नाही.

"उत्कर्ष सर," संघप्रिया म्हणाली, "पुढच्या आठांचं राहिलंय."

उत्कर्ष सरांनी बलभीम सरांकडं पाहिलं, मग बाकांकडं. त्यांनी खडू उचलला.