धुण्याचे दगड

तळवाडीच्या बॉस्कोला गप्प बसलेलं कुणी कधी पाहिलं नव्हतं. उत्तनच्या वर डोंगरमाथ्यावर पंचवीस घरांची ती वाडी, निम्मी किरिस्तावांची, निम्मी हिंदूंची, आणि मधोमध तळं. चढण चढणाऱ्याला आधी बॉस्कोचा आवाज भेटायचा, माणूस मागाहून. भाईंदरात कुणी जमीन विकल्याचं कानावर आलं, की त्याला चेवच यायचा. "इकली? आता बसंल दुसऱ्याच्या दाराशी बिडी वढत!" असं म्हणून तो इतका हसायचा, की त्याच्या बायकोला, कार्मिनला, लाजेनं आत जावंसं वाटायचं. असलं हसू देव फार दिवस ऐकून घेत नाही, हे बिचारीला ठाऊक होतं.

पण बॉस्कोच्या तोऱ्यालाही कारण होतं, ते नाकारून चालायचं नाही. वाडीचं पाणी त्याच्या हातात होतं. वैशाख सरत आला की तळं आटायला लागायचं. काठावरच्या करवंदीच्या जाळीपासून पाणी मागे मागे सरत जाऊन शेवटी गुरांपुरतं हिरवं डबकं उरायचं. मग माणसांनी प्यायचं काय? तर तळ्याच्या त्या उघड्या पडलेल्या तळाशी एका ठरावीक जागी कमरेइतकं खणलं की गोड, थंडगार पाणी पाझरायचं. त्या खड्ड्याला झिरा म्हणतात. जागा बॉस्कोच्या आज्यानं शोधलेली. दर सालच्या मे महिन्यात, तिसऱ्या रविवारी, खालच्या किरिस्तावांच्या देवळातून मिसेची प्रार्थना ऐकून आलं की बॉस्कोनं पहिली कुदळ मारायची, म्हाताऱ्या हौसाबाईनं नारळ फोडायचा, आणि पहिला हंडा मालकाच्या घरी, म्हणजे बॉस्कोच्या घरी जायचा. पुढे पाऊस लागेपर्यंत अख्खी वाडी त्या एका खड्ड्यावर जगायची. नाहीतर डोंगर उतरून उत्तनहून पाणी आणा. भरला हंडा डोक्यावर घेऊन ती चढण चढायची म्हणजे बाई घरी पोचेपर्यंत अर्धी व्हायची.

दुसरी मोठी लढाई संपून वर्ष झालं आणि मुंबईकरांना डोंगरावरच्या हवेचं वेड लागलं. उन्हाळ्यात शेठलोक बैलगाड्या करून यायचे, आंब्याखाली सतरंज्या टाकायचे, वाडीतल्या पोरींकडून करवंदं आणि जांभळं घ्यायचे, ताडी चाखून तोंडं वाकडी करायचे, आणि जाताना विचारायचे, "इथं जागा मिळेल का हो?" भाईंदरचा कमळाकर दलाल तर वाडीत मुक्कामालाच आल्यासारखा झाला. तळ्याकाठची जागा म्हणजे काय चीज आहे, हे तो अशा थाटात सांगायचा, की ज्यांचा जन्म तळ्याकाठी गेला तेही तोंड उघडं टाकून ऐकत बसायचे.

बॉस्को विकणाऱ्यातला नव्हता. पण त्याचा थोरला पोरगा एडविन माझगावला गोदीत लागला होता, बाळंतीण बायकोला घेऊन कुणाच्या तरी पडवीत झोपत होता. खोलीला पागडी मागत होते. करवंदीच्या वरच्या अंगाला बॉस्कोचं खडकाळ रान होतं, त्यात गवताशिवाय काही उगवत नव्हतं. कमळाकरनं लीलाधरशेठला आणलं, शेठ जो भाव बोलला तो ऐकून बॉस्कोला खोकलाच आला.

"शेठ लई भोळा हाय," घरी येऊन तो कार्मिनला म्हणाला. "खडकाला एवढं देतोय!"

"भोळा मानूस मुंबैत शेठ कसा झाला?" कार्मिन म्हणाली. बॉस्कोनं ते कानाआड केलं.

आता इथली एक रीत सांगायला हवी, कारण सगळं घोडं तिथंच पेंड खातं. तळवाडीत जमीन विकायची तर विकणाऱ्यानं घेणाऱ्याला हद्द चालून दाखवायची, आणि चालणं संपलं की त्याला आपल्या ओंजळीनं तळ्याचं पाणी पाजायचं. पाजताना म्हणायचं, "पानी पी, आता जागा तुजी." हद्द सोडून पाण्याकडे निघाल्यापासून ते शब्द तोंडातून जाईपर्यंत मागे वळून बघायचं नाही. बघितलं तर जीव जमिनीत अडकतो, आणि घेणाऱ्याला ती लाभत नाही. बॉस्को रीतीचा पक्का. शिव्या देईल, पण रीत मोडणार नाही.

जून उजाडला होता, आभाळ रोज भरून येत होतं. कमळाकर, लीलाधरशेठ, साखळी घेतलेला सरकारी मोजणीदार आणि हद्दीचे दगड भरलेली बैलगाडी, अशी वरात आली. बॉस्को पुढे चालला, मागे साखळी. वरचं रान संपलं, करवंदीची जाळी आली. झालं, जमीन तिथं संपली. जाळीच्या खालचं ते तळं, ते कुणाचंच नाही आणि सगळ्यांचं, हे वाडीतलं शेंबडं पोरही सांगेल. बॉस्कोनं शेठचा हात धरला आणि पाणी पाजायला त्याला खाली नेलं. शहरातला पाहुणा, त्याला डबक्यातलं हिरवं पाणी कसं पाजायचं? म्हणून तो थेट झिऱ्यावर गेला. दोनशे पावलं. मागे साखळी खुळखुळत येत होती. बॉस्कोच्या कानावर ते आलं, पण मागे बघायचं नव्हतं, त्यानं बघितलं नाही. मोजणीदाराला काय, मालक जिथं जाईल तिथवर मोजायचं. झिऱ्याच्या काठी गुडघे टेकून बॉस्कोनं ओंजळ भरली.

"पानी पी शेठ, आता जागा तुजी."

शेठ प्याला. "वाह!" म्हणाला. त्याचे डोळे पाणावले होते, हे बॉस्कोनं नंतर बऱ्याच जणांना सांगितलं.

दुसऱ्या दिवशी बायका पाण्याला गेल्या, तर तळ्याच्या उघड्या तळाशी, झिऱ्याच्या पलीकडे, गुडघाभर उंचीचे घडीव दगड ओळीनं पुरलेले. हौसाबाईनं एकावर लुगडं आपटून पाहिलं, दुसऱ्याला बकरी बांधली.

"शेठनं धुवायला दगड टाकून दिलं गं," ती म्हणाली. "भला मानूस हाय."

संध्याकाळी बॉस्को येऊन त्यातल्याच एकावर बसला आणि बिडी ओढत शेठच्या भलेपणाचं गुणगान करत राहिला. ठाण्याच्या कचेरीत खरेदीखत झालं, तेव्हा कमळाकरनं चतुःसीमा वाचून दाखवल्या, पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक, हद्दीचे दगड एक ते अकरा. त्यातलं बॉस्कोला काही कळलं नाही. पण मला कळलं नाही असं म्हणायची त्याला सवय कुठे होती? त्यानं ऐटीत मान हलवून सही केली. चार दिवसांत तळं भरलं आणि दगड पाण्याखाली गेले.

वर्षभर बंगल्याचं काम चाललं. लाल कौलं, रुंद व्हरांडा, तळ्याकडे तोंड. बॉस्को तिकडे फिरकला नाही, कारण विकलेल्या जमिनीत घेणाऱ्याचं घर उभं राहीपर्यंत विकणाऱ्यानं पाय ठेवायचा नसतो, तीही रीतच. एडविनला खोली मिळाली, नातवाचं नाव एरिक ठेवलं. सगळं छान चाललं होतं.

मग पुढचा वैशाख आला. पाणी करवंदीपासून सरकलं, आणि एक दिवस पाण्यातून पहिला दगड वर आला. मग दुसरा. आठवड्याभरात तळ्यातले सगळे दगड शेवाळानं हिरवे होऊन उभे राहिले. हौसाबाई लुगडी घेऊन निघाली आणि अर्ध्या वाटेवरून परत आली. बंगल्याचे गडी त्या दगडांना लागून खांब ठोकत होते, आणि खांबांवरून काटेरी तार ओढत होते.

"बॉस्को, अरे ऊठ!" तिनं दारातूनच हाक मारली. "झिऱ्याभोवती तार घालतायत रे!"

"कोन घालतो? कुनाच्या बापाचं तळं हाय?" बॉस्को तसाच अनवाणी धावला. मागे कार्मिन, मागे हंडे घेतलेली निम्मी वाडी. तारेपाशी पोचेपर्यंत त्याच्या शिव्यांनी डोंगर दणाणला होता.

लीलाधरशेठ धोतर सावरत खाली आला. माणूस रागावला नव्हता, गोंधळला होता. "अरे बॉस्कोभाई, काय झालं? कोणी कायपण बोललं तुम्हाला?"

"शेठ, ही तार काढा. तुमची जागा वर हाय, करवंदीच्या वर. हे तळं हाय!"

शेठनं बंगल्यातून नकाशा मागवला. वाडीच्या पोस्टमननं, सगळ्यांच्या भरवशाच्या माणसानं, तो उलगडून वाचला. बॉस्कोच्या आज्याच्या नावावर सरकारदरबारी जो तुकडा होता तो करवंदीपाशी संपत नव्हता. झिऱ्याच्या पलीकडे पंधरा पावलांपर्यंत तळ्याचा तळ त्याच्याच नावावर होता. आज्याला ठाऊक असेल, बापाला नव्हतं, बॉस्कोला तर नव्हतंच. आपलं होतं हेच ज्याला माहीत नव्हतं, ते तो विकून बसला होता. खाली त्याची सही, भली मोठी.

"पन... पन हे मी कदी दाखवलं?" बॉस्को म्हणाला.

"तुम्हीच तर दाखवलं," शेठ म्हणाला, आणि त्याच्या आवाजात खरंच दुखावल्यासारखं काही होतं. "हात पकडून आणलं मला इथं. ह्या खड्ड्यातून पाणी पाजलं. बोलले, आता जागा तुझी. मी मुंबईमध्ये सगळ्यांना सांगतो, असं जमीन देणारा माणूस बघितला नाही म्हणून!"

बॉस्कोनं हिरव्या दगडांकडे पाहिलं. एकावर बसून त्यानं स्वतः बिडी ओढली होती. त्याला बोलायचं होतं. वाडीनं बॉस्कोला गप्प झालेलं पाहिलं ते त्या दिवशी, आणि त्याची सगळ्यांना भीतीच वाटली. पायाखालची जमीन सरकणं म्हणतात ते काय असतं, ते त्याला तिथं उभ्या उभ्या कळलं. पंचवीस घरांचं पाणी. आज्यानं शोधलेलं, बापानं राखलेलं. आणि आपण ते ओंजळीनं देऊन आलो, वर मागेही बघितलं नाही!

कुणी त्याला बोललं नाही. एखादीनं शिवी दिली असती तरी बरं वाटलं असतं. कार्मिननं पदर तोंडात धरला होता.

लीलाधरशेठ वाईट माणूस नव्हता, हे इथं सांगितलंच पाहिजे. "पाणीला मी कोणाला ना नाही बोलणार," तो म्हणाला. "मोठा पाप लागतो. सकाळी दोन तास फाटक उघडा राहील, आरामात भरा. फक्त माझे पाहुणे असतात, जरा गडबड नको." मग त्यानं मायेनं विचारलं, "खणायचं कधी? तुमची काय रीत असते?"

"रविवारी खनतो, मिसा झाल्यावं," हौसाबाई म्हणाली. "बॉस्कोनं कुदळ मारायची, मी नारळ फोडायचा. मग पयला हंडा मालकाच्या घरी..."

तिनं जीभ चावली. पण शब्द सुटून गेला होता, आणि शेठच्या चेहऱ्यावर लहान मुलासारखा आनंद पसरला.

"वाह! तर मग आमच्याकडे!"

रविवारी बॉस्कोनं कुदळ मारली. कार्मिन म्हणाली होती, नका जाऊ, दुसरं कुणी खणेल. पण दुसऱ्या कुणाला नेमकी जागा ठाऊक नव्हती, आणि घरोघरची मडकी कोरडी पडली होती. त्यानं खणलं. कमरेइतकं खाली गेल्यावर मातीला ओल आली, मग पाझर फुटला, आणि पाणी निवळलं तशी पोरं ओरडली. बॉस्को ओरडला नाही. बायका रांगेत उभ्या होत्या, पण हंडा कुणी पुढे करेना. वर्षानुवर्षांच्या सवयीनं सगळ्या पहिला हंडा जायची वाट बघत होत्या.

बॉस्कोनं स्वतःच्या घरचा हंडा भरला. खांद्यावर घेतला. डावीकडे त्याच्या घराची पायवाट होती, पाय आपोआप तिकडे वळले. दोन पावलांवर तो थांबला, फिरला आणि बंगल्याच्या दिशेनं चढायला लागला. कार्मिननं डोळे मिटून घेतले.

व्हरांड्याच्या पायरीवर त्यानं हंडा उतरवला. ऊन रणरणत होतं, सकाळपासून त्याच्या तोंडात पाण्याचा थेंब नव्हता, सदरा अंगाला चिकटला होता. शेठाणी बाहेर आली. त्याची अवस्था बघून तिला कळवळा आला. तिनं त्याच हंड्यातून पितळी पेला बुडवून भरला आणि त्याच्यापुढे धरला.

"पाणी प्या, बाबा."

बॉस्कोनं पेला घेतला. झिऱ्याचं पाणी, त्याच्या आज्याचं. तो प्याला, शेवटच्या थेंबापर्यंत. आणि पिऊन झाल्यावर हातात पेला धरून तसाच उभा राहिला, शेठाणीच्या तोंडाकडे बघत. जन्मभराच्या सवयीनं त्याचे कान 'पानी पी'च्या पुढच्या शब्दांची वाट बघत होते. खुळेपणा होता, त्यालाही कळत होतं. तरी तो थांबला.

"पेला तिथं पायरीवर ठेवा हं," शेठाणी म्हणाली आणि आत गेली.

त्यानं पेला पायरीवर ठेवला.