अकरा जणांची बॅच

आमच्या ह्यांची बॅच अकरा जणांची. भंडाऱ्याकडची अकरा पोरं एकाच दिवशी भिलाईच्या प्लांटात लागली. दरवर्षी त्या तारखेला जमतात आणि पहिल्या दिवशी उभे होते त्याच क्रमाने फोटो काढतात. फकिराभाऊ वारले, तरी त्यांची जागा मोकळी सोडतात. मला तो फोटो बघवत नाही. सगळे त्रेपन्न-चौपन्नचे, आणि आमचे देवराव त्यांतल्या एखाद्याचे सासरे वाटतात.

ड्युटीवर कोणी आलं नाही की फोन यांनाच, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. पूर्वी तो फकिराभाऊंना जायचा. 'नाही' म्हणायला यांची जीभ रेटत नाही. मी बोलून बोलून दमले. पालथ्या घड्यावर पाणी.

त्या रविवारी आमची उन्नती पुण्याहून आलेली. ती ताऱ्यांच्या तरुण पुंजांवर पीएचडी करते. टेबलावर तिचा आलेख पसरलेला, एक ठिपका म्हणजे एक तारा: सगळे निळे ठिपके, आणि बाजूला एकच लाल.

"हा एकटाच म्हातारा कावून?" यांनी विचारलं. भट्टीचा रंग बघून ताप सांगणारा माणूस. निळा तारा लालपेक्षा गरम, आणि लाल म्हणजे विझत आलेला, हे त्यांना शिकवावं लागलं नाही.

"म्हातारा नाही बाबा, सब एक ही उमर के हैं. एकाच ढगातून, एकाच वेळी जन्मले. फरक फक्त वजनाचा. जो सगळ्यात भारी, तो सगळ्यात आधी संपते. कोन संपून राहिला ते पाहूनच पुंजाचं वय समजते."

"भारी असन तं त्याच्यापाशी सरपन बी जास्त असन नं? मंग जास्त दिवस पुरलं पायजे."

"जास्त असते. पन तो जाळते बी तसाच."

यांनी भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. फकिराभाऊंच्या मोकळ्या जागेला लागूनच हे उभे आहेत.

मग फोन वाजला. प्लांटातलाच. मी सवयीने डबा भरायला उठले. यांनी फोन माझ्याकडे सरकवला.

"तूच सांग, रमा. देवराव थकला म्हून सांगजो."

लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली. हा शब्द त्यांच्या तोंडून ऐकायला मी जीव टाकत होते. ऐकला, आणि मलाच तो नकोसा झाला.

फोन उचलला. "ते आज येत नाहीत," एवढंच म्हणाले. थकले, हे काही माझ्याने सांगवलं नाही.