फुकटच्या अ‍ॅपवरचा अबोला

अंजूरच्या केसरीनाथ तरेंनी सुनेशी बोलणं टाकल्याला आठ दिवस झाले होते, आणि या आठ दिवसांत दोघांनी एकमेकांना जेवढं कळवलं, तेवढं मागच्या सहा वर्षांत कळवलं नव्हतं.

सुरुवात एका साखरपुड्यात झाली. कुणीतरी कौतुकानं म्हणालं, "तुमची विनिता सगळं ऑफिस सांभाळते म्हणे." केसरीनाथना कौतुक चालतं, फक्त ते त्यांचं असावं लागतं. ते म्हणाले, "त्यात काय हाय? कॉम्प्युटरची बटनं दाबाची, दुसरा काय!" विनिता पाठीमागेच पेढ्यांचं ताट घेऊन उभी होती. ती बी.कॉम. होती. तरेंच्या तिन्ही गोडाऊनचे करारनामे तीच लिहायची, भाडेकरूंची पत्रं बघायची आणि गेटवर अडकलेल्या ट्रकवाल्यांशी हिंदीत भांडायचीही. तिनं पेढे वाटले, घरी आली आणि सासऱ्यांशी बोलणं बंद केलं. सासरेही मागे राहणारे नव्हते.

घराच्या तळमजल्यावरच्या एका खोलीला पाटी लावून ऑफिस केलेलं होतं. टेबलाच्या एका बाजूला कॉम्प्युटर आणि विनिता, दुसऱ्या बाजूला केसरीनाथ आणि त्यांचा फोन. मध्ये चार फुटांचं अंतर. पूर्वी फोनमधला कागद कॉम्प्युटरवर घ्यायचा झाला की विनिता हात पुढे करायची आणि बाबा फोन द्यायचे. आता हात पुढे होईना आणि फोन सुटेना.

सीताबाईंनी नवऱ्याला आधीच बजावलं होतं, "मना तुमच्या मधी घेव नका. मी चाय देन, निरोप नेनार न्हाय."

राहता राहिला मुलगा सार्थक. कुणाचीच बाजू न घेण्यात त्याचा हातखंडा होता. बाप आणि बायको समोरासमोर आले की त्याला गोडाऊनवर काम निघायचं. पण या वेळी त्यानं एक अ‍ॅप शोधून आणलं. दोन्हीकडे टाकायचं, की फोनमधलं सगळं वायफायवरून कॉम्प्युटरवर जातं. वायर नको, बोलणं नको.

"पैसे?" केसरीनाथनी विचारलं.

"फुकट हाय, बाबा."

मग काय! अंगणात कुणी पाणी मागायला आला तरी त्याचं गाव, आडनाव आणि मामाचं गाव विचारल्याशिवाय केसरीनाथ तांब्या पुढे करत नसत. पण अ‍ॅपनं फोन नंबर, फोटो, कॅमेरा, माइक आणि ते कुठे असतात याचा पत्ता मागितला, तेव्हा त्यांनी सगळ्याला उदारपणे 'हो' केलं.

अ‍ॅपमध्ये दोन्ही बाजूंना नाव द्यावं लागे. केसरीनाथनी फोनला नाव दिलं, 'मालक'. काही पाठवलं की विनिताच्या स्क्रीनवर यायचं: 'मालक' यांना फाइल पाठवायची आहे, घ्यायची का?

दुसऱ्या दिवशी केसरीनाथनी फोनवर कॉम्प्युटर शोधला, तर त्याचं नाव दिसलं, 'बटणं दाबणारी'. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. समोर विनिता अगदी गंभीरपणे टाइप करत होती.

त्यांना मराठी टाइप करता येत नव्हतं. ते अंगणात गेले आणि फोनशी बोलून नाव बदलून आले. 'सासरा आहे मी.' संध्याकाळपर्यंत कॉम्प्युटर झाला, 'आधी माफी मागा'. सार्थकनं दोन्ही नावं पाहिली आणि त्याला गोडाऊनवर काम निघालं.

आठव्या दिवशी कशेळीहून प्रितेश आला. तो एका कंपनीचा मॅनेजर. कशेळीची जागा पुरत नव्हती म्हणून त्याला तरेंचं मागचं गोडाऊन हवं होतं. करारासोबत गोडाऊनचे फोटो जोडायचे होते, आणि ते केसरीनाथनी सकाळीच स्वतः काढले होते. पण पाठवायचे कुणाला? तर 'आधी माफी मागा' ला. प्रितेशसमोर हे बटण दाबणं त्यांच्या जिवावर आलं. ते फोनचं नाव बदलायला पुन्हा अंगणात गेले आणि फोन तोंडाजवळ धरून खणखणीत आवाजात म्हणाले, "मी माफी मागणार नाही." हे फोनला कळावं म्हणून त्यांनी मुद्दाम शुद्ध मराठी वापरलं.

आत येऊन त्यांनी फोटो पाठवले. आधी वजन कमी करायच्या चूर्णाची जाहिरात लागली. ती तीस सेकंद चालली. तिघांनीही ती शांतपणे ऐकली.

मग विनिताच्या स्क्रीनवर अक्षरं उमटली: 'मी माफी मागणार' यांना अकरा फोटो पाठवायचे आहेत, घ्यायचे का?

विनितानं ते दोनदा वाचलं. तिच्या खांद्यावरून प्रितेशनंही वाचलं. "वा, केसरीशेठ! सुनेची माफी मागायला मन मोठं लागतं."

केसरीनाथ उठून टेबलाला वळसा घालून आले. स्क्रीन बघून त्यांचा चेहरा उतरला. फुकटच्या अ‍ॅपमध्ये नावाला काना-मात्रा धरून पंधराच अक्षरं मिळतात, पुढचं सगळं अ‍ॅप कापून टाकतं. हे त्यांना ठाऊक नव्हतं. विनिताला मात्र चांगलंच ठाऊक होतं, कारण तिनं पहिल्या दिवशी लिहिलेली सहा शब्दांची नावं याच अ‍ॅपनं छाटली होती.

तिनं मान वर केली. आठ दिवसांत पहिल्यांदा ती सरळ त्यांच्याकडे बघून बोलली, "बाबा, याच्यापुढे काही राहिलं का?"

केसरीनाथनी प्रितेशकडे पाहिलं. तो अजून आदरानं बघत होता. एवढा आदर त्यांना करारावर सही करतानाही कुणी दिला नव्हता. दाराशी सीताबाई चहाचा ट्रे घेऊन थांबल्या होत्या.

"न्हाय," ते घसा खाकरून म्हणाले. "काय न्हाय राहिला."

"ठीक आहे," विनिता म्हणाली आणि तिनं फोटो घेतले.

अकरापैकी चार फोटोंत मालकांचा अंगठा होता, दोनांत चप्पल, आणि एकात आभाळ. ती म्हणाली, "बाबा, हे परत काढायला लागतील. चला, मी येते." ती स्कूटर काढायला गेली. केसरीनाथ मागे बसले आणि प्रितेशची गाडी त्यांच्यामागून निघाली.

गेटपर्यंत पोहोचायच्या आतच दोघांची जुंपली. ती म्हणत होती फोटो आडवे काढायचे, ते म्हणत होते गोडाऊन उंच हाय, तर उभेच. सीताबाईंनी पायरीवर उभं राहून ते ऐकलं, प्रितेशचा गार झालेला चहा स्वतः संपवला आणि उसासा टाकला. आठ दिवस घरात कशी छान शांतता होती.